काळ्या थरातल्या सुया

१० फेब्रुवारी
पोहोचले एकदाची. सरोवराकाठच्या या संशोधन केंद्रात माणसं दोनच: राखणदार राइमो आणि स्वयंपाक बघणारी त्याची बहीण हिल्का. मी बर्फावर बदकासारखी चालते म्हणून राइमो वाटभर हसला. हिल्काने साल्मन माशाचं सूप वाढलं, वर म्हणे, तू तरी टिक गं बाई, इथे येणारे खातात आणि निघून जातात. दोघंही आवडली मला. आवडायला नको होती. गेल्या हिवाळ्यात इथे काम करताना बुडालेला आर्वो माझा भाऊ, हे त्यांना ठाऊक नाही. मी नवऱ्याचं आडनाव लावते. बर्फातल्या भोकाभोवती खुणेच्या डहाळ्या रोवायच्या, त्या त्याने रोवल्याच नाहीत आणि स्वतःच आत पडला, असं राइमोने पोलिसांना सांगितलं. आमचा आर्वो म्हणजे कुलूप तीनदा ओढून बघणारा. मला हे पटत नाही.

१३ फेब्रुवारी
काम झकास आहे. बर्फाला भोक पाडायचं, अतिथंड केलेलं पोकळ पातं तळापर्यंत सोडायचं. गाळ त्याला गोठून चिकटतो आणि पट्ट्यापट्ट्यांचा वर येतो. वसंतात बर्फ वितळलं की ओढे फिकट गाळ आणतात. हिवाळ्यात काळा, बारीक गाळ सावकाश खाली बसतो. वर्षाला एक जोडी. हिमनदी मागे हटली तेव्हापासून हे चाललंय. फक्त पूर्वेकडे फिरकायचं नाही म्हणे, तिथला गाळ खराब. दहा हजार वर्षांचा गाळ राइमोला विचारून खराब होतो काय?

१७ फेब्रुवारी
राइमो गावात गेला, मी पूर्वेला. आर्वो बुडाला त्याच जागी. गेल्या हिवाळ्याच्या काळ्या थरात स्प्रूसच्या सुया, त्या झाडाची टोकदार पानं, निघाली. भर सरोवरात झाड कुठलं? खुणेच्या डहाळ्यांच्याच त्या. बर्फ वितळल्यावर पडल्या असत्या तर वरच्या फिकट थरात सापडल्या असत्या. या त्याच्या खाली आहेत. म्हणजे बर्फ घट्ट असतानाच कुणीतरी डहाळ्या उपटून भोकात कोंबल्या. आर्वोने खूण केली होती. मी खूप रडले आणि हिल्काला सगळं सांगून टाकलं. तिने पोटाशी धरलं.

१८ फेब्रुवारी
राइमो म्हणतो, सामान भर, आत्ताच्या आत्ता स्टेशनवर सोडतो. एवढी घाई कशाची? नजरेला नजर देत नाही. हिल्का कानात म्हणाली, त्याच्या गाडीवर बसू नकोस. पुरावा घे आणि बर्फावरून पलीकडच्या गावात जा, पोलीस तिथेच आहेत. वाटेवर मी डहाळ्या रोवून ठेवते.

त्याच दुपारी
मध्यावर आलेय. बर्फावरच उभारलेल्या कोळ्यांच्या खोपटात टेकलेय. राइमोचा फोन — डहाळ्यांच्या वाटेने जाऊ नकोस म्हणतो, खाली प्रवाह आहे, बर्फ पातळ आहे. आर्वो हिल्काला सोडून निघाला होता म्हणतो. ती माझी बहीण, म्हणून मी पोलिसांपुढे तोंड उघडलं नाही म्हणतो. खोटारडा. ठेवून दिला फोन.

मागच्या डहाळ्या कुठे गेल्या?

हिल्का येतेय. स्कीवर. बगलेत डहाळ्यांचा भारा. वाकते — एक उपटते — हात हलवते. पुढे चल म्हणते, थांबू नकोस, पुढे —

खोपटात पाणी —

राइमो फोन उचल — कुठल्या बाजूने मी —