वैशूच्या पाठीला लावलेला पाय

११ मार्च, सोमवार
वैशूची पाठ धरलेलीच. नऊ वर्षांच्या पोरीला कसली उसण? टँकरवरून घागर आणताना भरली असेल. मी पायाळू, पायाकडून जन्मलेली. अख्खं गाव उसण उतरवायला माझ्या दारी येतं. आज अंगणात चार बायका होत्या. लेकीला पालथी झोपवून पाठीला तीनदा पाय लावला. "बरं वाटतंय का गं?" "हाय बरं." बायका खूश. मीही. खोटं कशाला लिहू.

१७ मार्च, रविवार
परत लावला. यावेळी जरा जोर देऊन. "बरं हाय" म्हणाली. लगेच टँकरवर पाठवली.

२ एप्रिल, मंगळवार
सकाळी पोरीला उठवेना. हे चारा छावणीवरून धावत आले. दूध सोसायटीची गाडी नगरला निघाली होती, तिच्यात कॅनांच्या मधे बसून गेलो. दवाखान्यात काढलेल्या फोटोत एक मणका पार चपटा, थापलेल्या भाकरीसारखा. डॉ.नी विचारलं, पडली होती का? नाही म्हटलं. पायाचं बोलले नाही.

१६ एप्रिल, मंगळवार
सुईने काढलेल्या हाडाच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. टीबी नाही, कॅन्सर नाही. पोरांत क्वचित होणारं दुखणं, नाव लांबलचक. ऑपरेशन नको. पट्टा, ओझं बंद, तीन महिन्यांनी फोटो. वाढत्या वयात मणका भरून येतो म्हणे, किती ते सांगता येत नाही.
शेवटी पायाचं सांगून टाकलं. डॉ. चिडले नाहीत. "पायानं हा आजार होत नाही. पण तीन आठवडे गेले. आणि असा मणका दाबायचा नसतो."
 घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "तुला काय ठाव व्हतं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३ मे, शुक्रवार
पट्टा बांधताना वैशूला विचारलं, तेव्हा बरं म्हणायचीस ते?
"न्हाई, लई दुखायचं. पन समद्या बाया बघत व्हत्या ना. तुझा पाय खोटा पडला आसता."
माझ्या अब्रूपायी पोर दात चावून पडून राहिली. लाज वाटते.
दुपारी वस्तीवरची एक बाई उसण घेऊन आली. आता नाही लावत म्हटलं. "का गं?" नगरला जाऊन फोटो काढून घे म्हटलं.

९ जुलै, मंगळवार
नगर. मणका भरला नाही, आणखी बसलाही नाही. डॉ. म्हणाले, आता पोरीच्या सांगण्यावर बरंच अवलंबून आहे, दुखत असेल तर औषधं सुरू करू. तिलाच विचारलं, "दुखतं का बाळा?"
वैशूने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "न्हाई."
डॉ.नी तसंच लिहून घेतलं.