लाल दोऱ्याच्या तिघी

४ फेब्रुवारी, सकाळी ८
तिसऱ्या पिल्लाचा पंख भिंगाखाली धरला आणि ते तळहातावर शिटलं. हरकत नाही. रिझल्ट मिळाला. पिल्लं सहा, वय दोन दिवस. लांब पिसं ती मादी, आखूड पिसं तो नर. तीन-तीन निघाली. माद्यांच्या पायात लाल दोरा, नरांच्या निळा. विकणारा म्हणत होता, आठ आठवडे थांबा, आपोआप कळेल. आपोआप कळायची वाट अडाणी पाहतात.

५ फेब्रुवारी
घरमालकीणबाई बजावून गेल्या. कोंबड्या चालतील, कोंबडा नाही. एकदा जरी आरवला तरी दुसऱ्या दिवशी खुराडं बाहेर. बायको रडकुंडीला आली. लहानपणापासून तिला कोंबड्या पाळायच्या होत्या. म्हटलं, मी आहे ना. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कौतुकाने असावं.

९ फेब्रुवारी
निळे दोरे मेहुण्याला दिले. तो गावाबाहेर राहतो, त्याला काहीही चालतं. बायको म्हणाली, थोडं थांबू या. तो म्हणाला, दाजी, नक्की ना? भित्रं घराणं.

२६ फेब्रुवारी
पिवळ्या दोघी पांढऱ्या पडताहेत. वहीत जात 'सोनेरी, परदेशी' लिहिली होती. खोडली नाही. पुढे 'पांढरी, त्याहून परदेशी' असं जोडलं.

११ मार्च
लेक म्हणते, बाबा, तिघींचे तुरे लालभडक झालेत. वयात येताना लाली यायचीच. तिला अभ्यासाला बसवलं.

१९ मार्च
दोघी माना फुलवून एकमेकींच्या अंगावर धावल्या. बायकांची भांडणं अशीच असतात, असं बायकोला समजावलं. रात्री तिने मला सगळ्यात शेवटी वाढलं.

६ एप्रिल
शेपटीत लांब, वळलेली पिसं. पंखांच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. मेथड निर्दोष आहे. पिसांना शिस्त नाही.

१० एप्रिल, पहाटे ५.१०
थोरली खोकली. घसा धरला असणार. कोमट पाणी द्यावं.

५.१२
पुन्हा खोकली. या वेळी लांबलचक. बाकीच्या दोघींनाही लागण झाली. शेजारच्यांची खिडकी उघडली. जिन्यावर घरमालकीणबाईंच्या चपला वाजताहेत. बायको खुराड्यापाशी गेली आहे. थोरलीला उराशी धरून तिची चोच हाताने मिटते आहे. मी अजून खाली गेलेलो नाही. नोंद आधी पूर्ण व्हायला हवी.

११ एप्रिल, सकाळी ९
मेहुणा टेम्पो घेऊन आला. तिन्ही कोंबडे आणि खुराडं चढवलं. निळ्या दोऱ्याच्या तिघी तिकडे मजेत आहेत, असं त्याने बायकोला सांगितलं. ती त्याच्या शेजारी बसली. त्यांना पाहून संध्याकाळी येते म्हणाली.