आईचं मत

दादा,

नाताळच्या सुट्टीत समुद्र की डोंगर, हे मतदान तू घरच्या ग्रुपवर घेतलंस, ते ठीक. पण दुसरं मतदान आपल्या दोघांपुरतं होतं ना? तेही तिथेच टाकलंस! "आईला कुठे ठेवायचं? वृद्धाश्रम की शेजारीण?" ठेवायचं? आई काय कुंडी आहे? शिसारी आली मला.

सकाळी आईने चष्मा लावला, फोन घेतला आणि वृद्धाश्रमावर बोट दाबलं. मी ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "अगं, तुम्हा दोघांचीही मतं वृद्धाश्रमालाच दिसली. म्हटलं, माझ्यामुळे तुमची सुट्टी कशाला अडायला हवी?"

तुला शिव्या घालायलाच हे पत्र लिहायला बसले होते. आता कुठल्या तोंडाने पाठवू?

तुझीच सख्खी बहीण