लिफाफा उघडेपर्यंत

मेहकर, रविवार, एकादशी

आजचा खर्च: यांच्या गोळ्या, पाचशे साठ. टीव्हीचा रिचार्ज, दोनशे चाळीस. तो करणं जिवावर आलं होतं.

दिवाळीत लकवा आला, तेव्हापासून यांच्या तोंडून शब्द नाही. आज सिनेमाची बक्षिसं दाखवणार म्हणून पाठीला उशी देऊन बसवलं. लिफाफा हातात घेऊन निवेदन करणारी बाई नावच सांगेना. एकदम हे म्हणाले, "सांग ना बे!"

बाईमाणसाला बे? पण बोलले. खरंच बोलले ना? मी म्हटलं, "पुन्हा म्हणा." तर म्हणतात, "काऊन?" आणि हसले.

बक्षीस कोणाला मिळालं, पाहिलंच नाही. देवापाशी दिवा लावला. बे म्हणाले!

उद्या जानेफळच्या नणंदबाईंना कार्ड टाकते: तुमचे भाऊ बोलले. काय बोलले ते येऊनच ऐका. कधी निघता, उलट टपाली कळवा.