फक्त बोटांना लावलेलं मलम

आये, मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे. तुला जाऊन वीस वर्षं झाली, पाचूबंदरच्या आपल्या घराची कौलं जाऊन स्लॅब आला, तरी हा राग जागचा हलत नाही.

ते दिवस मला स्वच्छ आठवतात. तुझ्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आलंय, तू करकरा खाजवतेयस आणि तशीच मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघालीयस. खरूज आहे हे तुला ठाऊक होतं. "कोनाला सांगू नको," म्हणालीस, "माज्या हातचं मावरं कोन घेल मंग?" तुझा इलाज काय, तर समुद्राच्या पाण्यानं हात घासायचे! मी आरडाओरडा केला तेव्हा कुठे दवाखान्यात गेलीस. मलम आणलंस आणि लावलंस कुठे? बोटांना. गिऱ्हाइकाला दिसतात तेवढ्यांनाच. बाकी अंग तसंच, अंथरूण तसंच, बाबा तसेच. चार दिवस बोटं बरी दिसली की तू खूश, मग पुन्हा खाज, पुन्हा मलम. शेवटी फोड पिकले, पू झाला, एका सकाळी तोंड सुजलं आणि मूत्रपिंडं गेली. खरजेनं कधी माणूस मरतं का, असं लोक विचारत होते. मरतं.

आता प्रयोगशाळेत मी हेच बघते. कातडीत बीळ करणारा तो किडा नुसती खाज देत नाही. पू करणाऱ्या जंतूंना मारायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, तर हा त्यांचे हात बांधून ठेवतो आणि जंतू मजेत वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी नुसत्या बसून राहिलेल्या दिसल्या की माझं डोकं फिरतं. तुला फक्त दिसण्यापुरतं बरं व्हायचं होतं, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले.

काल रुग्णांसाठी सूचनांचा कागद लिहायला बसले. 'मानेपासून पायांपर्यंत, घरातल्या सगळ्यांनी, एकाच दिवशी.' तिथे हात थांबला. तुला वाचता येत नव्हतं, आये. डॉक्टरांनीही हेच लिहून दिलं होतं आणि ते मीच वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजचं गॅदरिंग होतं, मलमाला गंधकाचा उग्र वास होता आणि मला ते अंगाला फासायचं नव्हतं. मी वाचलं, "हाताला लावायचं." तू विचारलंस, "एवढंच?"

मी हो म्हणाले. तू असतीस, तर हे मी तुला कधीच सांगितलं नसतं.