कुत्र्याच्या गळ्यातली घंटी

आबा, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. काल ह्यांनी कुत्र्याच्या गळ्यातली घंटी काढली म्हणून. तुम्हाला वाटेल, एवढ्यानं काय झालं. इकडं जपानात डोंगरात अस्वलं आहेत, माणसं फिरताना घंटी बांधतात, आवाज आला की अस्वल आपणहून बाजूला होतं. निक्कोच्या जंगलात ह्यांनीच ती घेतली आणि लेकीनं हट्ट केला म्हणून कुत्र्याला बांधली. तिथून बोटीनं ह्या होक्काइदो बेटावर येईपर्यंत गाडीत ती वाजतच होती. काल काढून गाडीच्या खणात टाकली. मी म्हणाले, "अहो, अस्वल आलं म्हंजे?" तर हसले. "आता अस्वल काय करणार हाय आपलं?"

तुम्हीपण काढली होतीत. मेंढरांत रोग पडला, निम्मी मेली, राहिलेली खाटकाला द्यायची ठरली, त्याच्या आदल्या दिवशी. पुढं चालणारा तो काळा एडका, त्याच्या गळ्यातली घंटी तुम्ही सोडवली, पाठीवरून हात फिरवला, गुळाचा खडा चारला. मला वाटलं लाड चाललेत. मी नाचत विचारलं, "आबा, घंटी का काढली वो?" तुम्ही कधी ओरडत नव्हता, त्या दिवशी ओरडलात. "गप बस! सारखं काय इचारती?" आई चुलीपुढं होती. तव्यावर भाकरी करपायला लागली तरी ती उलटत नव्हती. मला म्हणाली, "उद्या त्यो येणार हाय न्यायला. कळंना व्हय तुला?" तेव्हा कळलं. काल परत कळलं.

हे वाईट नाहीत, आबा. एदोगावा भागात हॉटेलात रोट्या भाजायचे, हातावरचे केस जळून गेलेत. लेकीला ताप आला तेव्हा भर पावसात सायकलवर घालून दवाखान्यात नेली. मग हॉटेल बंद पडलं. मालक निघून गेला, त्याची भाजी आणायची गाडी आणि कुत्रं मागं राहिलं. ह्यांचा इथं राहायचा कागद संपला. गावाकडं तोंड दाखवायचं नाही म्हणाले. माझ्या भावाला कळवू दिलं नाही. एक दिवस खोली सोडली, भाताचं भांडं शेजारणीला दिलं आणि म्हणाले, "पोरीला मोठी जंगलं दाखवू. सगळी सरकारनं राखलेली. मग बघू." आधी मला बरं वाटलं. तळी बघितली, धबधबे बघितले, जमिनीतनं वाफा निघतात तो डोंगर बघितला. रात्री गाडीतच, कुत्रं लेकीच्या पायाशी. लेक काचेला नाक लावून "कुमा, कुमा" करते, कुमा म्हणजे अस्वल. हे पहिल्यांदा गाणी म्हणायचे. मग गाणी थांबली, मग बोलणं थांबलं. काल लेकीला टरबुजासारखं महागाचं फळ आणलं, कुत्र्याला मटण आणलं. स्वतः काही खाल्लं नाही, तिच्या केसांतनं हात फिरवत बसले. आबा, तो गुळाचा खडा मला ओळखता येतो.

इथं गाड्या लावायच्या जागेला एक म्हातारी मक्याची कणसं भाजून विकते. तिच्याशी बोलायला हे लेकीला घेऊन गेले. आमच्यात नीट जपानी तिलाच येतं, शाळेत जायच्या आधीच शिकली. कुत्र्याला ठेवून घ्या असं तिच्या तोंडून सांगितलं. म्हातारी हो म्हणाली. परत आल्यावर मी विचारलं, "त्याला कशाला सोडायचं?" म्हणाले, "उद्या वर कड्यावर जायचं. समुद्र दिसतो तिथनं. तिघंच. तू पोरीला मांडीवर घट्ट धरून बस, डोळे मीट. मुक्या जीवाला कशाला न्यायचं, त्याचं काय पाप?" मग लेकीचं काय पाप, हे माझ्या तोंडातनं निघालंच नाही.

आता उजाडलंय. हे नळावर तोंड धुतायत, गाडीची काच पुसतायत. मी म्हातारीला काय सांगू? मला "सुमिमासेन" आणि "आरिगातो", म्हणजे माफ करा आणि आभार, ह्यापलीकडं येत नाही. लेकीकडून वदवायचं तर काय वदवू? तुझा बाप असं करणार आहे, हे तिला सांग? चार वर्षांची पोर. तुम्ही म्हणायचा, मेंढरं भ्याली की एका जागी गोळा होतात, पण कोकरू असलेली मेंढी कुत्र्यापुढं उभी राहून पाय आपटते. मी तसंच करायचं ठरवलंय. कुत्र्याला पोचवायला लेकीला घेऊन मी जाणार. लेकीला म्हणणार, आज्जीला सांग, आम्हालापण ठेवून घे. एवढंच. आणि तिथनं हलणार नाही. घंटी मी खणातनं काढली, लेकीच्या करगोट्याला बांधली. ती हसली, म्हणाली, "आई, मी वानवान झाले." वानवान म्हणजे भू-भू.

हा कागद तुम्हाला पोचायचा नाही. तुम्ही गेलात तेव्हा ही पोटातपण नव्हती. पण दुसऱ्या कुणाला लिहायचं म्हटलं की हात चालत नाही. एक खरं सांगते, आबा. मला त्यांची भीती वाटते त्याहून माझी जास्त वाटते. त्यांनी रडून हाक मारली तर मी पोरीला घेऊन उठून गाडीत जाऊन बसेन. त्यांना एकट्याला जाऊ देववणार नाही. म्हणून हा कागद कुत्र्याच्या पट्ट्याला बांधते, घंटी होती तिथं. ते राहणारच आहे.

ज्याला हे वाचता येईल त्यानं माझ्या भावाला फोन करा. मागं नंबर लिहिलाय, गावातल्या दुकानाचा आहे. सांगा, पोरीच्या कमरेला घंटी आहे, आवाजावरनं शोधा. दुकानापासून घर लांब आहे. कुणीतरी त्याला बोलवायला जाईल, तो पळत येईल. तोवर फोन ठेवू नका.