लहानांच्या खोलीत दोघी

७ जुलै

चि. ठकीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन का उचलत नाही म्हणून रुसली आहेस. अगं, बालवाडीतून घरी येईपर्यंत माझा घसा पार बसलेला असतो. पत्राला तो लागत नाही, म्हणून पत्र.

तुमच्या कार्यालयाने पाठवलेली शिकाऊ बाई रुजू झाली. चाळिशी उलटलेली आहे. आधी बसमध्ये कंडक्टर होती, पण तिकिटांची यंत्रं आली आणि ती घरी बसली. पहिल्याच दिवशी हात धुवायला पोरांची झुंबड उडाली, तर ही सवयीने म्हणाली, पुढे सरका, मागे जागा करा. पोरं निमूट सरकली. तेव्हापासून ती सगळ्यांची कंडक्टरबाई.

लहानांच्या खोलीतल्या आमच्या थोरल्या बाई तिला शिकवताहेत. मुलाशी बोलायच्या आधी जमिनीवर बसायचं, रडणाऱ्याला गप्प हो म्हणायचं नाही, वगैरे. बुधवारी ती कॉलेजात वर्गाला जाते, बाकी दिवस इथे. म्हणजे शिकवायचं कॉलेजने, हाताखाली घ्यायचं आम्ही आणि दोघांवर डोळे वटारायचे तुम्ही. झकास नोकरी आहे तुझी.

माझं तसं बरं आहे. दोन शिक्षिका सोडून गेल्या, नवीन मिळत नाहीत. गुडघा खाली बसू देतो, उठू देत नाही. जावईबापूंना आणि भाचीला आशीर्वाद.

तुझी,
ताई


२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी सगळे ठीक. तुझ्या भाचीचे दात पडताहेत आणि ती मुद्दाम शिट्टीसारखं बोलते. यांची बदली तूर्त टळली. मी सकाळी निघते ती दिवेलागणीला येते आणि स्वयंपाकघरात उभी राहून काय करायला आले होते तेच विसरते.

आता मुद्द्याचं, रागावू नकोस. कॉलेजातल्या प्राध्यापिका काल भेटल्या. म्हणाल्या, तुमची कंडक्टरबाई बरेच बुधवार वर्गाला आलेली नाही. विचारलं तर कधी ताप, कधी घरी पाहुणे. एवढं आजारी पडणारी बाई मला वाटली नव्हती. मग कळलं, की थोरल्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत. मग लहानांच्या खोलीत कोण असतं, ताई?

शिकणारीला एकटीला खोलीत ठेवायचं नाही, हा नियम मीच लिहिलाय. तपासणीला मी कधीच यायला हवं होतं. पण आले असते तर लोक म्हणाले असते, बहिणीकडे चहा प्यायला गेली. म्हणून पुढे ढकलत राहिले. खरं काय ते कळव.

तुझी,
ठकी


९ सप्टेंबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

नियम मला पाठ आहे. तो नियम घेऊन ये आणि बसव त्या खोलीत, दुपारी जरा मदत होईल.

ती एकटी असते ती फक्त दुपारी, मुलं झोपलेली असताना. बुधवारी मीच तिला थांबवून घेते. आई-बाप सकाळी पोर हातात देऊन कामाला पळतात, त्यांना दारातून परत पाठवू का? जाहिरात दिली होती. एक मुलगी आली, दुपारपर्यंत टिकली आणि डबा विसरून गेली, तो न्यायलासुद्धा आली नाही.

थोरल्या बाई महिनाअखेर येतील. तोवर मला सांभाळून घे. कार्यालयात बोलू नकोस.

ताई


२१ सप्टेंबर

चि. ठकीस,

आज आशीर्वाद लिहायलाही हात धजत नाही.

परवा दुपारी मी पुढच्या खोलीत एका पालकांशी बोलत होते. आत एका मुलाला तापात झटका आला. कंडक्टरबाईने त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात धरला आणि मला हाक मारली. मी धावले, पण माझं धावणं तुला माहीत आहे. तिला त्याच्यापासून हलता येईना. तेवढ्यात हाकेने जागी झालेली एक मुलगी न्हाणीच्या दाराशी गेली आणि मागून दुसऱ्याने दार लोटलं. तिचं बोट चेंगरलं. नख निघालं, टोकाचं हाड मोडलं.

झटका आलेला मुलगा संध्याकाळी बसून दूध प्याला. मुलीला मात्र बोटाला टाके घालावे लागले. तिचे वडील रंगारी आहेत, हाताला रंग तसाच घेऊन दवाखान्यात आले. त्यांनी मला एकच विचारलं, खोलीत किती जणी होत्या. मी म्हटलं, एक, आणि तीही शिकणारी. ते वळून लेकीपाशी जाऊन बसले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तू आता कार्यालयात बोल. मी अडवणार नाही.

ताई


६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्यालयातल्या बैठकीनंतर तू माझ्याशी न बोलता बसथांब्याकडे चालत गेलीस. मी खिडकीतून बघत होते. साहेब समोर बसले होते म्हणून खाली आले नाही, आणि त्याचं वाईट वाटतंय.

कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, गैरहजेरी आम्ही तोंडी कळवली होती, आमचं काम शिकवण्याचं. आमचे साहेब म्हणाले, माणसं नेमणं हे बालवाडीचं काम. तू म्हणालीस, माणसं मिळत नाहीत. कुणीच खोटं बोलत नव्हतं. मला नुसतं ऐकत बसवेना. म्हणून मी उभी राहिले आणि म्हटलं, की बघायला जायचं काम माझं होतं, मी गेले नाही, आणि कळल्यावरही आठवडाभर गप्प राहिले, कारण बालवाडी चालवणारी माझी बहीण आहे.

तू गेल्यावर साहेबांनी कंडक्टरबाईला दुसरी जागा देऊ केली. तिने नको म्हटलं. तापाची थाप तिने स्वतःहून मारली होती, तू शिकवली नव्हतीस, हेही सांगितलं. मग तिला रडू आलं. बुधवार मात्र मला हवेत, म्हणाली.

तुमची बालवाडी शिकाऊ शिक्षिकांच्या योजनेतून काढायचीच, असं साहेबांचं म्हणणं होतं. शेवटी ठरलं ते असं: दुसरी शिक्षिका येईपर्यंत लहानांची खोली बंद. कॉलेजच्या प्राध्यापिका महिन्यातून एकदा तुमच्याकडे येऊन तिचं काम बघतील. आणि आमच्याकडून तपासणीला दुसरं कुणीतरी येईल. तुमची बालवाडी मी माझ्याकडून काढून घ्यायला सांगितली.

उत्तर लवकर दिलं नाहीस तरी चालेल, पण दे.

तुझी,
ठकी


४ डिसेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायची आणि खुर्चीतच डोळा लागायचा.

खोली बंद करायची म्हणून एकेका आईला मीच सांगितलं. काहींनी समजून घेतलं. एकीची नोकरी नवीन होती, तिने पोर कडेवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. ती अजून डोळ्यांसमोर येते. त्या रंगाऱ्यांनी मुलीला दुसरीकडे घातलं. तिची चादर न्यायला ते आले होते. बोट बरं आहे, नख वेडंवाकडं येतंय, म्हणाले. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, म्हणजे काय ते मला कळलं नाही.

थोरल्या बाई परतल्या. गेल्या आठवड्यात एक शिक्षिका मिळाली आणि खोली उघडली, निम्म्याच मुलांची. दोघी असल्याशिवाय दार उघडत नाही. तुमच्याकडून येणारा तपासनीस फारच बारकाईने बघतो. नळसुद्धा सोडून बघितले. मी चिडले, मग त्याच्यासाठी चहा टाकला, तर त्याने घेतला नाही. बरोबरच आहे त्याचं.

कंडक्टरबाई दर बुधवारी वर्गाला जाते. त्या दिवशी तिची मुलं मी घेते. काल त्या झटका आलेल्या मुलाची हकिगत तिने वर्गात सगळ्यांना सांगितली म्हणे, बोटासकट. प्राध्यापिकांनी आम्हाला निरोप पाठवला, की ती नीट बोलली.

मी अजून दमतेच. पण दुपारी मुलं झोपली की मीही भिंतीला टेकते, कारण आत दोघी आहेत हे ठाऊक असतं.

आता तुझा आमच्या बालवाडीशी काही संबंध उरला नाही. तेव्हा रविवारी भाचीला घेऊन नुसती ये. चहा प्यायला आलीस असं लोक म्हणाले, तर म्हणू देत.

माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
ताई